वायर मधोमध तुटते

१

कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं की लोक ज्या नंबरावर फोन करून ओरडतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी असते. सकाळी आठ ते दुपारी दोन, डोक्यावर हेडफोन, समोर लॅपटॉप. पाणी भरत नाही, दार उघडत नाही, मशीन थरथरत भिंत सोडून पार उंबऱ्यापर्यंत येतं, हे सगळं मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. आमच्या कामाचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी प्लग बदला, बघा. नाही चाललं तर नळी. दोन्ही एकदम बदललंत तर दोष कुठे होता ते जन्मात कळणार नाही. नव्या मुलींना मी हे इतक्यांदा सांगितलंय की त्या आपापसात माझी नक्कल करतात. करू देत.

घरून काम सुरू झालं तेव्हा मी दादाकडे राहत होते, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. त्या खोलीत मी होते, इस्त्रीचं टेबल होतं, सगळ्यांच्या रिकाम्या बॅगा होत्या आणि दाराला आतून कडी नव्हती. अशी सोळा वर्षं. वहिनी न ठोठावता इस्त्री न्यायला यायच्या, भाचरं बॅगा काढायला यायची, आणि मी फोनवर कुणाला तरी नळ बंद करायला सांगत असायचे. वाईट कुणीच नव्हतं. पण जेवताना मी काही बोलायला लागले की कुणीतरी हमखास वाढायला उठायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी मला आतून कडी हवी झाली. म्हणून दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या.

दादा सामान पोचवायला आला. खिडकी उघडून पाहिली, लावली, परत उघडली आणि म्हणाला, "तीन महिने. त्यापुढे तू टिकलीस तर माझं नाव बदल."

"बघच," मी म्हटलं.

लॅपटॉप कंपनीचा. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली, पण सील फोडायची परवानगी नाही आणि बदलून मागितला तर अर्ज "विचाराधीन". म्हणजे वायर निघाली की लॅपटॉप तिथल्या तिथे मान टाकणार आणि कॉल तुटणार. महिन्यात तीनदा कॉल तुटला तर घरून काम करणाऱ्यांच्या यादीतून नाव जातं. नाव गेलं की काम गेलं, काम गेलं की या दोन खोल्या गेल्या, आणि मग इस्त्रीच्या टेबलाशेजारी पुन्हा मी. एवढं सगळं एका वायरीवर लटकलेलं होतं.

दुसऱ्या महिन्यात पहिली वायर गेली. मी वायरीला शिव्या घातल्या. आठवड्याने दुसरी गेली, तेव्हा दुकानदाराला. तिसरी गेली तेव्हा शिव्या घालायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती घेऊन खाली मावशींकडे गेले.

२

मावशी म्हणजे आमच्या जिन्यालगतच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते. कपाळावर भिंग, हातात सोल्डरिंगची कांडी, आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्यांचं आपलं स्वतःच्या वेगाने.

"वायर मानेत तुटते," त्या म्हणाल्या. "प्लगच्या जवळ. माणसं प्लग धरायचा सोडून वायरीला धरून ओढतात. शंभरातल्या नव्वद वायरी मानेत गेलेल्या. उरलेल्या दहांवर खुर्ची चढलेली, नाहीतर कुत्र्याने दात मारलेले. ही बघा कुठे गेलीय."

लॅपटॉपकडच्या टोकापासून हातभर अंतरावर, मधोमध, वायर पिळवटली होती. तिथे तिला तीन वेटोळी पडली होती. मावशींनी ती ताणून सरळ केली आणि सोडली. ती हळूहळू परत गोळा झाली.

"मान शाबूत आहे. टोकं शाबूत आहेत." त्यांनी भिंग खाली ओढलं. "पूर्वी लोक फोनवर बोलता बोलता वायर बोटाला गुंडाळत बसायचे बघा. तसं झालंय. रोज, तासन् तास. कोणाला आहे ही सवय?"

"मी एकटी राहते."

"मग तुम्हालाच."

काम करताना माझे दोन्ही हात कळफलकावर असतात. समोरचा बोलतो, मी ऐकता ऐकता तक्रार टाइप करते. पण माणूस स्वतःबद्दल शपथेवर काय सांगणार? मावशींनी वेटोळ्यात करंगळी घालून पाहिली. ती शिरेना. माझी घालायला लावली, तीही शिरेना. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून घातली. ती नेमकी बसली.

"बारीक हात आहेत कुणाचे तरी," मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पंखा उघडायला घेतला.

३

मी घाबरले नाही. मला राग आला. एकोणीस वर्षं लोकांची मशीनं फोनवरून बरी करणारी बाई मी, आणि माझ्याच टेबलावर एक वायर मला वेड्यात काढते? मी वही घेतली, वर लिहिलं "एका वेळी एकच", आणि कामाला लागले.

आधी भिंतीतलं सॉकेट बदललं. वायर गेली, चार वेटोळी. मग चार्जरचा ठोकळा नवा आणला. गेली, पाच. टेबल खिडकीतून उचलून दारापाशी आणलं, मग खोली बदलली आणि ओट्याशेजारी बसून काम केलं. वायर कुठूनही कशीही आणली तरी तुटायची ती माझ्या डाव्या बाजूला, खुर्चीच्या हाताजवळ. तिथे कुणी स्टूल घेऊन बसलं असतं तर त्याच्या मांडीवर आली असती, अशा ठिकाणी.

मग उरले माझे हात. एक अख्खा दिवस मी ओव्हनचे जाड हातमोजे घालून काम केलं. त्या दिवशी मी लिहिलेल्या तक्रारी वाचून कंपनीने काय समजायचं ते समजावं. "मशीन" हा शब्द मी सतरा प्रकारे लिहिला. मोज्यातून माझं मलाच नाक खाजवता येत नव्हतं, वायर गुंडाळणं दूरच. दोन वाजता वाकून पाहिलं. आठ वेटोळी होती, आणि आता ती एकमेकींना चिकटलेली नव्हती, दोघींच्या मध्ये अंगठ्याएवढं अंतर होतं. मी नवी कोरी पेन्सिल त्यांच्यात सरकवली. पेन्सिल संपली. वेटोळी संपली नव्हती.

मी ती पेन्सिल बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. पेन्सिलीएवढं जाड आणि पेन्सिलीहून लांब. मग स्वतःला म्हटलं, बाई, प्लास्टिक आहे, गरम होतं, आक्रसतं. गरम झालेल्या प्लास्टिकबद्दल मी लोकांना रोज सांगतेच की.

दुसऱ्या दिवशी फोनचा कॅमेरा वायरीवर रोखून ठेवला. सहा तास. वायर शहाण्या मुलीसारखी पडून राहिली. ना हलली, ना वळली. मी खूश. दोन वाजता शीळ घालत हेडफोन काढला, तर तो डाव्या कानाकडून अडला. हेडफोनच्या वायरीला अकरा वेटोळी पडली होती, अगदी वर, कानाच्या पाळीपर्यंत. सहा तासांत मला साधा स्पर्शसुद्धा जाणवला नव्हता.

कडी आतून लावलेली होती. मी दोनदा जाऊन पाहिली.

४

त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. मशीन पाणी सोडत नव्हतं. मी म्हटलं, खालची जाळी काढा. त्या म्हणाल्या, "काढू ना नक्की? नाही, तुमच्याबरोबरच्या बाई हो म्हणतायत म्हणून विचारते."

"कोण बाई?"

"त्या मघापासून हं हं करतायत त्या. फार छान ऐकून घेतात हो."

मी जाळी काढायला लावली, पाणी गेलं, त्यांनी आशीर्वाद दिले. दोघींना.

दोन दिवसांनी आमच्या साहेबांचा फोन. त्यांना आम्ही सगळ्या "घड्याळ" म्हणतो, कारण कॉल किती सेकंदांत संपला याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही. आजपर्यंत त्यांचा आवाज एकसुरी होता. त्या दिवशी तो जरा खाली आला होता.

"मॅडम, खोलीत दुसरं कुणी चालत नाही, नियम तुम्हाला माहीत आहे."

"कुणी नाहीये."

"मी रेकॉर्डिंग पाठवतोय. तुम्हीच ऐका."

मी ऐकलं. भर दुपारी, खिडकी सताड उघडी, खालून रिक्षांचे हॉर्न. रेकॉर्डिंगमध्ये मी बोलत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर, अगदी जवळून, कुणीतरी म्हणत होतं, "हं." बाईचा म्हणता येईल असा आवाज. कंटाळलेला नाही, उलट गोष्ट रंगात आल्यावर ऐकणारा करतो तसा. मग गिऱ्हाईक नळ बघायला गेलं. तिकडे कुणी नव्हतं. मीही गप्प होते. आणि त्या शांततेतही ते थोड्या थोड्या वेळाने येत राहिलं. "हं." मग जरा थांबून, "हं… हं."

त्या अर्ध्या मिनिटात मी काय करत होते ते मला आठवलं. मी मनात दादाशी भांडत होते.

"या महिन्यात दोनदा कॉल तुटलाय," घड्याळ म्हणालं. "सोमवारी दहा वाजता कॅमेरा चालू ठेवून एक कॉल घ्या. आधी खोली दाखवा, मग कॉल. मी स्वतः बघणार आहे. कॉल तुटला किंवा खोलीत कुणी दिसलं, तर मला काही करता येणार नाही."

"खोलीत कुणी दिसणार नाही," मी म्हटलं. त्याबद्दल माझी खात्री होती.

चूक एकच झाली. संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते, आणि सगळं सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "रविवारी चार वाजता टेम्पो घेऊन येतो. वहिनी आधी येईल बांधाबांध करायला. खोलीत व्यायामाचं मशीन ठेवलंय, ते हलवू आम्ही."

"मी येत नाहीये."

"बरं," दादा म्हणाला, म्हणजे टेम्पो सांगून झाला होता.

५

रविवारी दुपारी एक वाजता वहिनी दोन मोठ्या पिशव्या आणि सुतळीचं बंडल घेऊन आल्या. आल्या आल्या स्वयंपाकघर न्याहाळलं, नळ सोडून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, वास्तूच बरी नाही. मला त्या दिवशीच वाटलं होतं, पण म्हटलं, आपण कशाला बोला. चला, पातेली मी बांधते."

"पातेल्यांना हात लावू नका."

"अहो, पण असल्या जागेत एकट्या बाईने…"

"जागेत दोष आहे हे ठरलं कुठे?" मी वही काढून त्यांच्यासमोर धरली. सॉकेट, ठोकळा, टेबल, खोली, हात. सगळ्यांवर काट मारलेली. आणि पान त्यांना दाखवता दाखवता मलाच दिसलं, इतके दिवस नजरेसमोर असलेलं. सगळं बदललं होतं. फक्त खुर्चीतलं माणूस बदललं नव्हतं. नव्या मुलींना मी हेच तर ओरडते, की तपासणारा स्वतःला यादीत धरत नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "अर्धा तास माझ्या खुर्चीत बसा. मी बाहेर जाते. जागेत दोष असेल तर वायर तुमच्याजवळ वळेल. मग मी तुमच्याबरोबर येते, निमूटपणे."

वहिनींना ते पटलं. त्यांना भीतीपेक्षा जिंकायची घाई होती. त्या खुर्चीत बसल्या, मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, लॅपटॉप चालू केला आणि बाहेर जिन्यापाशी येऊन त्यांना फोन लावला. मध्ये पाच-सहा पावलं आणि एक उघडं दार. जिन्याच्या खिडकीतून ऊन थेट माझ्या पायांवर पडलं होतं. खाली मावशींच्या दुकानात कुठलातरी पंखा सुरू व्हायचा, घरघरायचा आणि बंद पडायचा.

"वायर काय म्हणते?"

"सरळ पडलीय," वहिनी म्हणाल्या. "काही नाही हो. तुमची कायतरी धास्ती."

मला हायसं वाटलं. मग लगेच कळलं की हायसं वाटायचं कारण नाही. वायर तिथे सरळ राहिली, तर मग दोष तिथे नाही.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय बोलू? तुमच्या दादांचे गुडघे पुन्हा धरलेत. धाकटीची परीक्षा… ताई, हं हं काय करताय सारखं? ऐकायचंय की नाही?"

"मी कुठे हं करतेय?"

फोन उजव्या कानाला होता. डाव्या कानामागची बट, जी कधीच वेणीत राहत नाही, ती ताणली गेली. जोरात नाही. कुणी लाडाने ओढावी तेवढीच. मी मान वळवली नाही. वळवता आलीच नसती. फक्त डोळे डावीकडे नेले, जातील तेवढे.

आपल्या गालाच्या कडेला जे असतं ते माणसाला धड दिसत नाही, पुसट दिसतं. तरी ऊन होतं. माझे केस कशावर तरी गुंडाळले जात होते, सावकाश, एका शेजारी एक. ते जे होतं ते फिकट होतं आणि त्याला पेर नव्हतं. कुठेही मोडल्याची खूण नाही, नख नाही. ते माझ्या खांद्यामागून आलं होतं आणि खांद्यामागे किती लांब गेलं होतं ते मला दिसत नव्हतं. कानाशी, फोन नसलेल्या कानाशी, कुणीतरी अगदी मन लावून म्हणालं, "हं."

मी किंचाळले असेन. बट एकदम सुटली. मी वळले तेव्हा मागे जिना होता आणि जिन्यावर ऊन.

वहिनी हेडफोनसकट दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी किती पाहिलं ते मी विचारलं नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हत्या, त्या माझ्या केसांकडे पाहत होत्या. बटेला वेटोळी पडली होती, कानापासून खांद्यापर्यंत.

"इस्त्रीची वायर," वहिनी हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे दर दोन महिन्यांनी जायची. मधोमध. मी तुमच्या दादांना म्हणायचे, तुमची बहीण वस्तू नीट वापरत नाही."

६

वहिनींनी सुतळी परत पिशवीत भरली. मला वाटलं, हात धरतील, निदान पाणी देतील. त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, तसं पाहिलं तर ही जागा काही वाईट नाही. उजेड चांगला आहे. तुम्ही इथेच… म्हणजे, मुलं लहान आहेत हो आमची."

धाकटी सतरा वर्षांची आहे.

चार वाजता टेम्पो आला. मी खिडकीतून पाहिलं. वहिनी दादाशी काहीतरी बोलल्या, दादाने एकदा वर पाहिलं, आणि टेम्पो जसा रिकामा आला तसा रिकामा गेला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला कुणी नेलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले, आणि रडता रडता राग यायला लागला, आणि राग आला की मला बरं वाटतं.

सोळा वर्षं. सोळा वर्षं त्या घरात माझं एक वाक्य कुणी पुरं ऐकलं नाही, आणि तेवढी वर्षं हे माझ्याशेजारी बसून वायर गुंडाळत ऐकत होतं. ते कोण, ते का, हे मला कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मला एवढंच माहीत होतं की उद्या दहा वाजता माझा कॉल आहे.

सोमवारी पावणेदहाला मी नवी वायर लावली आणि कॅमेरा सुरू केला. घड्याळाचा चेहरा पडद्यावर आला. मी लॅपटॉप वायरीसकट उचलून चारी भिंती दाखवल्या, टेबलाखाली दाखवलं, दाराची कडी दाखवली. "ठीक," ते म्हणाले. दहा वाजता कॉल आला. मशीन मधेच थांबतं, कपडे ओलेच राहतात, घरात बाळ आहे. मी बोलायला लागले.

चौथ्या मिनिटाला डाव्या बाजूला वायर जमिनीवरून उचलली गेली. मी पाहिलं नाही. लॅपटॉपच्या खाचेत तिचा ताण आला, टोक अर्ध्या नखाएवढं बाहेर सरकलं, आणि पडद्याचा उजेड क्षणभर लुकलुकला.

आजवर मी वायर वाचवत होते. सॉकेटपासून, टेबलापासून, स्वतःच्या हातांपासून. ती मागणाऱ्याला दुसरं काही द्यावं, हे एकदाही सुचलं नव्हतं.

"ताई, पाण्याचा नळ पूर्ण उघडा आहे का बघाल?" मी गिऱ्हाइकाला म्हटलं, आणि डावा हात खुर्चीच्या बाजूने खाली सोडला. मूठ मिटली, फक्त तर्जनी पुढे केली, वायरीच्या आणि त्याच्या मध्ये.

"हे घे," मी मनात म्हटलं. "आणि वायर सोड."

ते थांबलं. विचार करत असावं. मग माझ्या बोटाच्या टोकाशी काहीतरी कोरडं टेकलं, आणि गोल फिरलं, आणि परत गोल फिरलं. गरम नाही, गार नाही. आत हाड नव्हतं. खाचेतला ताण गेला, वायर जमिनीवर पडल्याचा आवाज आला. उरलेला सगळा कॉल मी उजव्या हाताने टाइप केला. बोटाचं काय होत होतं ते मी सांगणार नाही. माझा आवाज एकदाही कापला नाही, रेकॉर्डिंग आहे. अकरा मिनिटांनी मशीन चालू झालं, बाळ रडत होतं, बाई "थँक्यू, थँक्यू" म्हणत होत्या. सबंध कॉलमध्ये "हं" आलं नाही.

घड्याळाने काहीतरी लिहून घेतलं. "आवाज नाही आज," ते म्हणाले. "फक्त, मॅडम, तुमचा डावा हात दिसत नव्हता."

"हात माझा आहे," मी म्हटलं. "यादीत नाव ठेवताय ना?"

नाव राहिलं.

७

हा पाचवा महिना. दादा महिन्यातून एकदा येतो, वर येत नाही. खालून हाक मारतो, फळांची पिशवी मावशींकडे ठेवतो आणि जातो. वहिनी फोन करतात, पण मी बोलायला लागले की त्यांना हटकून दुधाची आठवण होते. त्यांच्याकडची इस्त्री आता उत्तम चालते म्हणे.

माझीही वायर टिकली आहे. तीच वायर, सोमवारची.

काल पिशवी घ्यायला खाली गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत वायर नाही आणलीस. दुसरीकडे जातेस की काय?" त्या मला अगं-तुगं कधी करायला लागल्या ते मला कळलंच नाही, पण ते मला आवडतं. मी पिशवी उचलायला हात पुढे केला आणि त्यांनी तो मधेच धरला. भिंग खाली ओढलं.

तर्जनी आता बाकीच्या बोटांसारखी सरळ होत नाही. ती कुठूनही वाकते, पेर नसलेल्या जागीही. तिच्यावर मुळापासून टोकापर्यंत खाचा आहेत, एका शेजारी एक, आणि खाचांमधली कातडी पांढरी पडत चालली आहे. जाडीला ती आता पेन्सिलीएवढी आहे. मावशींनी ती हलकेच ताणून सरळ केली आणि सोडली. ती हळूहळू परत गोळा झाली.

त्यांनी भिंग वर केलं. मागे कुणाचा तरी रेडिओ खरखरत होता, तो त्यांनी बंद केला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "सोड ती जागा. जा भावाकडे. हे असं किती दिवस चालेल?"

त्यांना मी सांगू शकले असते की जागेचा काही दोष नाही, ते तपासून झालंय. सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं.

"अजून नऊ आहेत," मी म्हटलं, आणि फळांची पिशवी उजव्या हातात घेऊन जिना चढले. दाराला आतून कडी लावली.